माशांच्या पेटीला कोणतं सिलिकॉन लावावं?

काचेची पेटी गळू लागली की घरात पहिला सवाल निघतो: बाथरूमचं काम झालं तेव्हाची अर्धी ट्यूब माळ्यावर पडली आहे, तीच लावली तर? बहुतेक वेळा हीच ट्यूब माशांच्या जिवावर उठते. पेटीला चालणारं सिलिकॉन काही दुर्मीळ नाही की फार महाग नाही. भाईंदर पश्चिमेच्या मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात ते सहज मिळू शकतं. त्यात काय मिसळलेलं नाही हे ट्यूबवर वाचायचं आणि लावल्यावर पुरेसं थांबायचं, एवढ्या दोनच गोष्टी सांभाळायच्या असतात. ट्यूब योग्य आणूनही मासे मरतात, तेव्हा दुसरी गोष्ट चुकलेली असते.

भाईंदरहून उत्तनकडे जाताना राई, मुर्धा, मोर्वा मागे टाकून डोंगरी लागतं. इथे समुद्र हाकेच्या अंतरावर, हवा खारी आणि पावसाचे चार महिने दमट. मासेही इथे फक्त हॉलमधल्या काचेच्या पेटीत नसतात. डासांसाठी सोडलेले गप्पी विहिरीत आणि अंगणातल्या सिमेंटच्या टाकीतही फिरत असतात. काच, सिमेंट आणि ॲक्रिलिक यांना एकच सिलिकॉन चालत नाही, म्हणून हा विषय जरा शिस्तीत समजून घेतलेला बरा.

सांध्यावर किती भार येतो

घरोघरी दिसणारी दोन फुटी पेटी घेऊ: लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची ३०. ती काठोकाठ भरली तर ५४ लिटर पाणी, म्हणजे ५४ किलो वजन. ५ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन साधारण ९ किलो. वाळू, दगड धरले की एकूण वजन ७० किलोच्या घरात जातं. हे सगळं स्टँड झेलतो. सांध्याला झेलावा लागतो तो पाण्याचा आडवा रेटा. या पेटीच्या समोरच्या काचेवर तो साधारण २७ किलो वजनाइतका असतो. लांबी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर रेटा दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे सुमारे १०८ किलो. म्हणूनच लांब पेटीपेक्षा उंच पेटीचा सांधा जास्त जपावा लागतो.

पेटीत सिलिकॉन दोन ठिकाणी असतं. काचेची कड दुसऱ्या काचेला जिथे टेकते तिथे एक पातळ थर असतो. पेटी उभी राहते ती त्याच्या जोरावर. दुसरी म्हणजे आतल्या कोपऱ्यातून ओढलेली तिरकी पट्टी. ती पाणी त्या पातळ थरापर्यंत पोचू देत नाही. घरी दुरुस्ती करायची ती या आतल्या पट्टीची. बाहेरून सिलिकॉन थापून गळती थांबत नाही, कारण आतलं पाणी ते बाहेरच्या दिशेनेच ढकलत राहतं.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, त्या काळात घरगुती पेट्या लोखंडी चौकटीत काच बसवून पुटीने बंद केलेल्या असत. चौकट गंजायची, पुटी कडक होऊन तडकायची. सिलिकॉन आलं आणि चौकटीची गरज संपली, कारण ते काचेला घट्ट धरतं आणि तरीही रबरासारखं लवचिक राहतं. पेटी भरताना-उपसताना काच केसभर वाकते, तिच्याबरोबर सांध्यालाही हलता आलं पाहिजे. लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून वर राळ आणि तेल देतात, ते याच कारणासाठी: जिथे दोन तुकडे हलतात तिथे ताठ सांधा टिकत नाही.

वासावरून प्रकार ओळखा

दुकानात मिळणाऱ्या सिलिकॉनचे ढोबळ दोन प्रकार. पहिला ॲसिटॉक्सी. हवेतला ओलावा घेऊन तो घट्ट होतो आणि त्या वेळी ॲसेटिक आम्ल बाहेर टाकतो. ट्यूब उघडताच व्हिनेगरचा झणझणीत वास आला की हा प्रकार समजावा. काचेला तो उत्तम धरतो. पूर्ण वाळला आणि त्यातलं आम्ल निघून गेलं की मागे उरतं ते निव्वळ रबर, आणि ते माशांना बाधत नाही. काचेच्या बहुतेक पेट्या यानेच जोडलेल्या असतात.

दुसरा न्यूट्रल. त्यातून आम्ल सुटत नाही. बनावटीनुसार ऑक्झाइम किंवा अल्कोहोल या वर्गातली रसायनं सुटतात आणि वास सौम्य असतो. खिडक्या, धातू, सिमेंट, दगड यांच्यासाठी तो वापरतात. न्यूट्रल म्हणजे माशांना घातक असं मुळीच नाही. पण त्यातले पुष्कळ प्रकार इमारतीच्या बाहेरच्या कामासाठी बनवलेले असतात आणि त्यात इतर मिश्रणं असू शकतात. कंपनीने मत्स्यालयासाठी चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तरच तो घ्यावा.

व्हिनेगरचा वास आला म्हणजे ट्यूब माशांना सुरक्षित, असा एक समज पक्का बसलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. वासावरून ट्यूबमधलं रसायन कोणत्या पद्धतीने घट्ट होतं एवढंच कळतं. बाथरूमसाठीची कितीतरी सिलिकॉनंही ॲसिटॉक्सीच असतात, त्यांनाही तोच वास येतो, आणि खरा धोका तिथेच असतो.

बाथरूमची ट्यूब का नको

बाथरूमच्या टाइलच्या सांध्यावर काळी बुरशी धरते. ती धरू नये म्हणून सॅनिटरी सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेलं असतं. हे बुरशीनाशक सिलिकॉनमधून हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. तसं ते आलं नाही तर बुरशी मरणारच नाही. बाथरूममध्ये त्यावरून गेलेलं पाणी मोरीत जातं. पेटीत मात्र तेच ५४ लिटर पाणी दिवसरात्र त्या पट्टीला लागून असतं आणि मासे तेच पाणी कल्ल्यांतून फिरवत असतात.

या कामाला वापरल्या जाणाऱ्या रसायनांत ऑक्थिलिनोन, डीसीओआयटी आणि झिंक पायरिथिऑन ही नावं येतात. त्यातली शेवटची दोन होडीच्या तळाला लावायच्या रंगातही असतात, कधी तांब्याच्या ऑक्साइडच्या जोडीने. होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत हे त्या रंगाचं काम. पाण्यातला जीव चिकटू नये म्हणून बनवलेली वस्तू पाण्यातल्या जिवांच्या घरात लावायची नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. उत्तन-डोंगरीच्या घरात होडीच्या कामाचा उरलेला डबा सापडणं काही अवघड नाही, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

असं सिलिकॉन लागलेल्या पेटीत आधी गोगलगायी आणि कोळंबी दगावण्याची शक्यता जास्त. मग मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात, एका कोपऱ्यात गोळा होतात, खाणं सोडतात. पाणी बदललं की थोडा आराम पडतो आणि पुन्हा तेच सुरू होतं. अशा वेळी औषधांच्या मागे न लागता ती पट्टी खरवडून काढणं हाच उपाय.

ट्यूबवर काय वाचायचं

दुकानदार 'सगळी सिलिकॉनं सारखीच' म्हणाला तरी ट्यूब हातात घेऊन मागची बाजू वाचा.

हे शब्द दिसले तर घ्यायला हरकत नाही: '१०० टक्के सिलिकॉन', 'ॲसिटॉक्सी', 'ॲक्वेरियम'. यातला 'ॲक्वेरियम' हा शब्द निर्णायक. अन्नपदार्थांच्या संपर्कात चालेल असा उल्लेख असेल तर ते चांगलं लक्षण, पण तेवढ्यावरून मत्स्यालयाची हमी मिळत नाही.

हे शब्द दिसले तर ट्यूब परत ठेवा: 'सॅनिटरी', 'किचन अँड बाथ', 'अँटी-फंगल', 'मोल्ड रेझिस्टंट', 'बायोसाइड', 'पेंटेबल'. शेवटच्याचं कारण वेगळं आहे. शुद्ध सिलिकॉनवर रंग बसत नाही. रंग बसतो म्हणजे त्यात ॲक्रिलिक किंवा दुसरं काही मिसळलेलं आहे.

'जी.पी.' म्हणजे जनरल पर्पज लिहिलेल्या ट्यूबा या दोहोंच्या मधे येतात. काचवाले पेट्या जोडायला पुष्कळदा याच वापरतात आणि त्या चालतातही. पण एकाच कंपनीच्या जी.पी. आणि सॅनिटरी ट्यूबा दिसायला जुळ्या असतात. शंका असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मालाचं तांत्रिक माहितीपत्रक काढून बघा. 'कुठे वापरू नये' या मथळ्याखाली पुष्कळ कंपन्या मत्स्यालयाचा उल्लेख सरळ करतात. काही कंपन्या ठरावीक आकारापर्यंतच्या पेटीसाठीच हमी देतात, तेही तिथेच कळतं.

मुदतीची तारीख विसरू नका. जुनं झालेलं सिलिकॉन कित्येकदा घट्टच होत नाही, चिकट लगदा होऊन राहतं. रंगाचा सुरक्षिततेशी संबंध नाही. पारदर्शक आणि काळं दोन्ही चालतं, फक्त काळ्यावर शेवाळ कमी उठून दिसतं.

किती घ्यायचं? दोन फुटी पेटीचे आतले सगळे सांधे मिळून ३ मीटर भरतात. ६ मिलिमीटरची तिरकी पट्टी ओढली तर ५५ मिलिलिटरच्या आत काम होतं. गनवर चढवायची २८० मिलिलिटरची ट्यूब त्याला पाचपट होते आणि उघडलेली ट्यूब फार दिवस टिकत नाही. एकच पेटी असेल तर हाताने दाबायची छोटी ट्यूब घ्या.

घरातल्या इतर चिकट वस्तू

एम-सीलसारखी एपॉक्सी पुटी घट्ट झाल्यावर ताठ होते. काचेच्या सांध्याला ती चालत नाही. फेविक्विकच्या जातीचा गोंद दगडाला झाडाचं मूळ चिकटवायला चालतो, भार घेणाऱ्या सांध्याला नाही. ग्लू-गनची काडी काचेवरून सुटते. पॉलियुरेथेन सीलंट, रंगाऱ्यांचं ॲक्रिलिक सीलंट आणि डांबरी पट्ट्या पाण्याची गळती थांबवतीलही, पण त्या माशांसाठी बनवलेल्या नाहीत. पेटीच्या आत त्यांना जागा देऊ नका.

काच, ॲक्रिलिक आणि सिमेंट

वर जे सांगितलं ते काचेसाठी. अंगणातली सिमेंटची टाकी पाझरत असेल तर व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन तिथे टिकत नाही. त्यातलं आम्ल सिमेंटमधल्या चुन्याशी भिडतं आणि ज्या पृष्ठभागाला धरायचं तोच भुसभुशीत होतो. सिमेंटला न्यूट्रल प्रकार, किंवा पिण्याच्या पाण्याच्या टाकीसाठीचं वॉटरप्रूफिंग लागतं. नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी अल्कधर्मी होतं. म्हणून डागडुजीनंतर टाकी भरून-उपसून काही आठवडे पाणी बदलत राहावं आणि मगच गप्पी सोडावेत. लोखंडी जाळी, जस्ताचा पत्रा, तांब्याची नळी यांनाही हे आम्ल गंजवतं.

ॲक्रिलिकची पेटी सिलिकॉनने जोडायची नसते. सिलिकॉन त्यावर वरवर चिकटतं आणि सोललं की निघून येतं. ॲक्रिलिकचे तुकडे द्रावक वापरून एकमेकांत विरघळवून जोडतात. या द्रावकांच्या वाफा विषारी असल्याने ते काम ॲक्रिलिकच्या कारागिराकडेच द्यावं. तारापोरवाला मत्स्यालय नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये उघडलं तेव्हा ॲक्रिलिकचा बोगदा हे तिथलं मोठं आकर्षण होतं. घरच्या पेटीत आणि अशा बांधकामात साहित्य, जोडणी आणि सीलंट तिन्ही वेगळी असतात, म्हणून तिथलं तंत्र घरी उतरवायला जाऊ नये.

जुनं काढल्याशिवाय नवं धरत नाही

वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. गळतीच्या जागेवर बोटभर थापून काम भागवलं की आठवड्याभरात पाणी त्या दोन थरांमधून वाट काढतं. आतली पट्टी गळक्या सांध्यापुरती न काढता सगळ्या कोपऱ्यांतून काढावी, म्हणजे नवी पट्टी सलग ओढता येते. काढताना ब्लेड काचेला जवळजवळ आडवं धरून सरकवायचं. काचेच्या कडांमधल्या पातळ थरात ते घुसवायचं नाही, नाहीतर पेटीच सुटेल.

खरवडल्यावर काच स्वच्छ दिसते, पण बोट फिरवलं की ज्या जागी ते अडखळतं तिथे सिलिकॉनचा पापुद्रा शिल्लक असतो. तो निघेपर्यंत ब्लेड चालवा. समुद्राकडच्या घरात काचेवर मिठाचा पातळ थरही असतो. आधी गोड्या पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. साबण वापरू नका.

कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर अंतर सोडून मास्किंग टेप लावा. नोझल तिरकं कापून एका दमात, न थांबता पट्टी ओढा. बोट ओलं करून एकदाच फिरवा. वरचा पापुद्रा धरायला साधारण १० ते २० मिनिटं लागतात, टेप त्याच्या आधी ओढून काढायचा. उशीर झाला तर टेपबरोबर पट्टीची कडही उचलली जाते, आणि पाणी शिरतं ते तिथूनच.

सुकण्याचं गणित आणि पावसाळा

सिलिकॉन बाहेरून आत घट्ट होत जातं. एका जुन्या काचेच्या तुकड्यावर पेटीइतकीच जाड पट्टी ओढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ती आडवी कापा. वरून ती बोटाला कोरडी, रबरासारखी लागते. कापल्यावर मधोमध ओला लगदा दिसतो आणि व्हिनेगरचा वास भस्सकन नाकात जातो. पेटीतही नेमकं हेच चाललेलं असतं, फक्त तिथे कापून बघता येत नाही. हा तुकडा पेटीशेजारीच ठेवा आणि रोज नव्या ठिकाणी कापून बघा.

ढोबळ हिशेब असा: २४ तासांत २ ते ३ मिलिमीटर खोलीपर्यंत सिलिकॉन घट्ट होतं. ६ मिलिमीटरच्या पट्टीला निदान तीन दिवस, आणि आम्ल निघून जायला धरून पूर्ण आठवडा द्यावा. पावसात सिलिकॉन सुकत नाही असं म्हणतात, ते बरोबर नाही. ते हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतं, त्यामुळे दमट हवा त्याला मदतच करते. आपल्याकडे पावसाळ्यात खरी अडचण असते ती काच कोरडी ठेवण्याची. ओलसर काचेवर पट्टी धरत नाही. काच पुसून पंख्याखाली ठेवा आणि ती बोटाला थंड-ओलसर लागायची थांबल्यावरच ट्यूब उघडा. एसी सतत चालणाऱ्या कोरड्या खोलीत उलट जास्त वेळ लागतो.

घाईची किंमत पाण्यात दिसते. अर्धवट घट्ट झालेल्या पट्टीतून आम्ल पाण्यात उतरतं आणि पाण्याचा सामू खाली येतो. मीरा-भाईंदरला स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून मिळणारं पाणी उल्हास खोऱ्यातलं, तुलनेने सौम्य. आम्ल शोषून घेणारे क्षार सौम्य पाण्यात कमी असतात, त्यामुळे सामू लवकर घसरतो. विहिरीचं पाणी जड असेल तर ते थोडं जास्त तग धरतं, पण त्या भरवशावर दिवस कमी करू नयेत.

मासे या आठवड्यात कुठे ठेवायचे

पेटीतलंच पाणी भरलेल्या मोठ्या बादलीत किंवा टबात, एअर पंप लावून. बादली दुसऱ्या खोलीत ठेवा. सिलिकॉनच्या खोलीत पंप चालला तर तो व्हिनेगरची वाफ ओढून पाण्यात सोडत राहील. फायटर आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यांना तर हे जास्तच बाधतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊन वाळवू नका. बादलीतल्याच पाण्यात चालू ठेवा, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात जिवंत राहतात.

आठवडा झाल्यावर पेटी सपाट जागी, खाली थर्माकोल आणि कोरडा कागद घालून भरा आणि दोन दिवस तशीच ठेवा. कागदावरचा ओला डाग गळती कुठे आहे ते दाखवतो. मात्र गार पाणी भरल्यावर दमट दिवसांत काचेला बाहेरून घाम येतो, त्याला गळती समजू नका. हे पाणी ओतून टाका, पेटी विसळा आणि नवं पाणी भरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून हायपो किंवा क्लोरीन काढणारं औषध टाकून मगच मासे सोडा.

दुरुस्ती की नवी पेटी

पट्टीची कड उचलली असेल, तिच्याखाली हिरवं शेवाळ शिरलं असेल आणि एका कोपऱ्यातून थेंब येत असेल, तर आतली पट्टी बदलून काम होतं. काचेच्या कडांमधल्या थरात बुडबुडे किंवा पांढरे चट्टे लांबवर पसरले असतील, काच सांध्याजवळ तडकली असेल किंवा पेटी दाबल्यावर सांधा उघडताना दिसत असेल, तर आतून कितीही सिलिकॉन लावून उपयोग नाही. अशी पेटी पूर्ण सुटी करून पुन्हा जोडावी लागते, आणि दोन फुटी पेटीसाठी तेवढा खटाटोप नव्या पेटीपेक्षा क्वचितच स्वस्त पडतो. दीड फुटापेक्षा उंच किंवा चार फुटी पेटी असेल तर सांध्याचं काम अनुभवी काचवाल्याकडे द्या. मात्र तो कोणती ट्यूब वापरणार आहे ते आधी विचारा, ती मागून-पुढून वाचा, आणि पेटी कधी भरायची हा निर्णय स्वतःकडे ठेवा.